टेम्पोची वही

दारात हत्ती झुलणे हे एके काळी घराच्या वैभवाचे लक्षण मानले जाई. पाहणाऱ्याला अंबारी दिसे. पोसणाऱ्याला मात्र रोजची वैरण दिसे. २००५ साली टाटा मोटर्सने ‘एस’ ही लहान चारचाकी मालगाडी बाजारात आणली आणि लोकांनी तिचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवले. गाडीच्या मागच्या भागाला ‘हौदा’ म्हणण्याची रीत तर त्याआधीपासूनच होती. नावे गमतीने पडतात. पण दारात उभी असलेली मालगाडी रोज खाते, काम असो वा नसो, ही गोष्ट गमतीची नाही.

मालवाहू लहान गाडीला मराठीत सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात. हा शब्द एका जर्मन कारखान्याच्या नावावरून आला. तेव्हाच्या अहमदनगरच्या जैन घराण्यातील नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि १९५८ सालापासून जर्मन सहकार्याने तीनचाकी मालगाडी येथे तयार होऊ लागली. बैलगाडी आणि ट्रक यांच्यामधली जागा तिने भरून काढली. छोट्या दुकानदाराला स्वतःचा माल स्वतःच्या वेळेला हलवता येऊ लागला. त्या कंपनीचे नाव २००५ साली बदलून फोर्स मोटर्स झाले. ‘टेम्पो’ हा शब्द मात्र बाजारपेठेत कायम राहिला. तेव्हापासून आजपर्यंत व्यापारी घरांत एक प्रश्न पिढीगणिक नव्याने निघतो : टेम्पो भाड्याने बोलवायचा की दारात बांधायचा? आणि बांधायचा, तर कोणता?

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी हा प्रश्न २०२५च्या गुढीपाडव्याला निघाला. तेथे दोन भावांची हार्डवेअर आणि नळसाहित्याची जुनी पेढी आहे. थोरल्यांना सारे अण्णा म्हणतात, धाकट्यांना आप्पा. पूर्वी हे दुकान केवळ माल विकत असे. गेल्या काही वर्षांत गिऱ्हाईक ‘माल द्या आणि बसवूनही द्या’ म्हणू लागले. त्यामुळे दुकानाने दोन फिटर कायम ठेवले. टाकी बसवणे, पाइप जोडणे, मोटार दुरुस्त करणे अशी कामे घेतली. फिटर मोटारसायकलवर जात आणि अवजड माल भाड्याच्या टेम्पोने जाई. टेम्पोवाले गृहस्थ सतरा वर्षे या पेढीची वाहतूक करत होते. घरातली मुले त्यांना मामा म्हणतच मोठी झाली.

आप्पांच्या मुलाला पाडव्याच्या मुहूर्तावर पिकअप घ्यायची होती. दीड टन माल नेणारी, उंच, दोन्ही बाजूंना पेढीचे नाव रंगवलेली. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. “अण्णा, आपण दर महिन्याला भाडे भरतो आणि शेवटी हातात काही राहत नाही. तेवढ्याच हप्त्यात गाडी आपली होईल.” आप्पांना वाटे, दुकानासमोरची अरुंद गल्ली पाहता तीनचाकी पुरेशी आहे. अण्णांनी मात्र वेगळेच विचारले. “गाडी घेतली तर मामांचे काय?”

या तिन्ही मतांत कोणाचे खरे, हे ठरवायला घरात आकडाच नव्हता. भाड्याची बिले होती, पण कोणत्या खेपेत किती वजन गेले, किती अंतर झाले, खेप का करावी लागली, याची नोंद कोठेच नव्हती. हे प्रथम ध्यानात आले ते जीएसटीचे काम पाहणाऱ्या धाकट्या सुनेच्या. तिने सुचवले, “अण्णा, तीन महिने थांबू या. दुकानातून बाहेर पडणारी प्रत्येक खेप लिहू. मग गाडी कोणती ते वहीच सांगेल.” पाडव्याचा मुहूर्त टळला. पुतण्या नाराज झाला. पण १ एप्रिलपासून गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीची एक वही आली.

३० जूनला वहीची बेरीज झाली. तीन महिन्यांत ४१२ खेपा झाल्या होत्या. त्यांपैकी ३५६ खेपांत माल ३०० किलोपेक्षा कमी होता. ४१ खेपांत तो ३०० ते ६०० किलो होता. ६०० किलोंच्या वर गेलेल्या खेपा होत्या अवघ्या १५. म्हणजे महिन्याला पाच. पुतण्याच्या डोळ्यांसमोर जी गाडी होती ती या पंधरा खेपांची होती. कारण त्या खेपा लक्षात राहतात : स्लॅबच्या आदल्या दिवशीचे सिमेंट, शाळेच्या इमारतीचा मोठा माल, संध्याकाळपर्यंत चाललेली चढ-उतार. उरलेल्या जवळजवळ चारशे खेपा रोजच्या असतात, म्हणून त्या कोणाच्या आठवणीत राहत नाहीत. गाडी निवडताना बहुतेकांची चूक येथेच होते. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या मापाने गाडी घेतली जाते आणि उरलेले सारे दिवस ती अर्धी रिकामी धावते.

वहीने दुसरीही गोष्ट दाखवली. हार्डवेअरच्या मालात वजन आणि जागा यांचा मेळ नसतो. सिमेंटची गोणी ५० किलोची. अशा पंधरा गोण्या झाल्या की ७५० किलो भरतात, आणि लहान गाडीची क्षमता संपते, हौदा मात्र रिकामा दिसतो. याउलट १००० लिटरची प्लास्टिकची टाकी एक माणूस सहज लोटतो, पण तिने हौद्याचा मोठा भाग व्यापला जातो. पीव्हीसीचा पाइप वीस फुटी, तर लहान गाडीचा हौदा सातेक फुटांचा. म्हणजे प्रश्न केवळ ‘किती टन’ एवढाच नसतो. पाइपसाठी केबिनच्या वरून जाणारी भक्कम लोखंडी चौकट हवी, टाकीसाठी मोकळा हौदा हवा, आणि सिमेंटसाठी खरी वहनक्षमता हवी. तीनही गरजा एकाच गाडीकडून भागवण्याचा हट्ट धरला की गाडी मोठी होत जाते आणि हप्ताही.

तिसरी गोष्ट कोणाच्याच कल्पनेत नव्हती. ४१२पैकी ९७ खेपा ‘राहिलेले आणायला’ झाल्या होत्या. फिटर कामावर पोचतो, जुना नळ उघडतो आणि पाहतो तर एल्बो पाऊण इंची हवा, आणला अर्धा इंची. कधी टेफ्लॉन टेप संपलेली, कधी फूट व्हॉल्व्हचा वॉशर नाही. मग तो परत दुकानात, पुन्हा कामावर. गिऱ्हाईकाच्या घरी पाणी बंद, आणि फिटरचा तास रस्त्यावर. या ९७ खेपांत मिळून एका हौद्याइतकाही माल नव्हता. पेढीला गाडी हवी होती ती मोठे ओझे वाहण्यासाठी कमी, आणि दुकानाचा एक कोपरा कामाच्या जागी नेऊन ठेवण्यासाठी अधिक.

यानंतर सुनेने खर्चाचा तक्ता मांडला. टेम्पोचे भाडे तीन महिन्यांत ८४,००० रुपये, म्हणजे महिन्याला २८,०००. फिटरांच्या मोटारसायकलींचे पेट्रोल महिन्याला ३,०००. एकूण ३१,०००. आता लहान चारचाकी घेतली तर? विमा, नोंदणी आणि चौकट धरून गाडी सहा लाखांची. पदरचे १,२०,००० रुपये, कर्ज ४,८०,०००. दहा टक्के व्याजाने पाच वर्षांचा हप्ता सुमारे १०,२००. वहीतल्या खेपांचे अंतर महिन्याला ९६० किलोमीटर. किलोमीटरला पाच रुपये धरले तर इंधन ४,८००. विम्यासाठी महिन्याला २,५०० बाजूला, टायर, देखभाल आणि पासिंगसाठी २,५००. येथवर बेरीज २०,०००. परंतु ड्रायव्हर ठेवला तर आणखी १४,०००; म्हणजे ३४,०००. भाड्यापेक्षा तीन हजारांनी महाग!

या एका ओळीने वादाचे रूप पालटले. स्वतंत्र ड्रायव्हर ठेवून गाडी परवडत नव्हती. फिटरच गाडी चालवील तरच ती परवडणार होती. मग गाडी अशी हवी की जी फिटर अरुंद गल्लीतून आत्मविश्वासाने नेईल, सोसायटीच्या फाटकात वळवील आणि कामाच्या दारात लावील. मोठी पिकअप येथेच मागे पडली. तिची किंमत जवळजवळ दुप्पट होतीच. शिवाय तिच्यासाठी ड्रायव्हर अटळ होता. तीनचाकी स्वस्त होती, पण आसपासच्या खेड्यांचे चढ आणि पावसाळ्यातले रस्ते पाहता आप्पांनीच तिचा आग्रह सोडला. महिन्याला ज्या पाच खेपा अवजड होत्या, त्या मामांच्या टेम्पोने करायच्या. त्यांचे सुमारे ६,००० आणि मोटारसायकलींचे उरलेले पेट्रोल १,५०० धरून एकूण खर्च २७,५०० होत होता. बचत साडेतीन हजारांची. फार नव्हे. पण वाचलेले फिटरांचे तास या बेरजेत धरलेलेच नव्हते.

इंधनाचाही विचार झाला. विजेच्या गाडीवर जीएसटी केवळ ५ टक्के, आणि दिवसाचे सदतीस-अडतीस किलोमीटर तिला सहज झेपणारे. परंतु तिची मूळ किंमत अधिक होती, गल्लीतल्या दुकानासमोर चार्जिंगची सोय नव्हती आणि खेड्यातले काम निघाले की एका दिवसात अंतर तिप्पट होई. डिझेल गाडी लांब पल्ल्याला बरी. रोज दहा वेळा सुरू-बंद होणाऱ्या कामाला तिचा विशेष लाभ नव्हता. शेवटी सीएनजी ठरली. तिच्या टाक्यांच्या वजनामुळे वहनक्षमता काहीशी घटते आणि त्या टाक्यांची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते, हे दोन्ही तोटे कागदावर लिहून मगच ती ठरली.

कायद्याच्या बाजूने पाहता लहान गाडीचे काही लाभ असतात. ज्या मालगाडीचे मालासह एकूण वजन ३००० किलोंपेक्षा अधिक नसते, तिला मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही. मोठ्या पिकअपचे काही प्रकार ही मर्यादा ओलांडतात. पिवळी पाटी, व्यावसायिक विमा आणि फिटनेस प्रमाणपत्र मात्र लहान गाडीलाही चुकत नाही. नव्या गाडीचे फिटनेस पहिली दोन वर्षे असते, आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करून घ्यावे लागते. घरची मोटार मालासाठी वापरून हे सारे टाळण्याची वाट काही जण शोधतात. अपघात झाला की विमा कंपनी पॉलिसीतली वापराची अट दाखवते, आणि वाचवलेल्या हजारांपायी लाखांचा दावा अडकतो. चालकाच्या परवान्याबाबतही बरेच गैरसमज होते. हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. पेढीच्या फिटरकडे केवळ मोटारसायकलचा परवाना होता. जुलै ते सप्टेंबर या काळात पेढीने स्वखर्चाने त्याला शिकवले आणि परवाना मिळाल्यावरच गाडीची नोंदणी रक्कम भरली.

दरम्यान २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विक्रेत्याने फोनवर फोन केले : “पंचेचाळीस हजारांची बचत!” साडेचार लाखांच्या मूळ किमतीवर कर १,२६,००० ऐवजी ८१,००० झाला, हे खरेच. पण नियमित जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला मालगाडीवरच्या कराचे क्रेडिट मिळतेच. आधी अधिक भरून अधिक वळते झाले असते, आता कमी भरून कमी. फरक पडतो तो सुरुवातीला गुंतणाऱ्या रकमेत. ज्यांनी कंपोझिशन योजना घेतली आहे त्यांना क्रेडिट नसते. त्यांची बचत मात्र पुरती खरी. आणखी एक पथ्य आहे. कराचे क्रेडिट घेतले की तेवढ्या रकमेवर घसारा मागता येत नाही. दोन्ही हातांनी घेतलेला लाभ पुढे व्याजासह परत करावा लागतो.

घसाऱ्यावरून मुहूर्तही ठरला. स्वतःच्या मालासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीवर आयकरात वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. मात्र गाडी त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर निम्माच. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. तेथून ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस होतात. दिवाळीचा पाडवा २२ ऑक्टोबरला होता, तेथून १६१. दसरा आणि पाडवा हे दोन्ही मुहूर्त शुभच, पण एकात हिशोबाचा एक दिवस शिल्लक होता. नियमात ‘वापर’ अपेक्षित असतो, नुसती खरेदी नव्हे; म्हणून दसऱ्याला पूजा झाल्यावर त्याच दिवशी त्या गाडीतून एक टाकी पोचवली गेली आणि तिचे चलन फाइलला लागले.

कर्जाच्या वेळी एक प्रस्ताव ‘फक्त सात टक्के’ असा आला होता. पुतण्याला तो दहा टक्क्यांच्या कर्जापेक्षा अर्थातच स्वस्त वाटला. सुनेने दोन्ही हप्ते शेजारी लिहिले. सात टक्के हे सपाट व्याज होते. म्हणजे फिटलेल्या रकमेवरही पाच वर्षे व्याज चालूच. ४,८०,००० वर पाच वर्षांचे व्याज १,६८,००० आणि हप्ता १०,८००. घटत्या शिलकीवरच्या दहा टक्क्यांचा हप्ता सुमारे १०,२००. सात टक्क्यांचे कर्ज दहा टक्क्यांपेक्षा ३६,००० रुपयांनी महाग पडत होते. त्याचा खरा दर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो. दर विचारण्याऐवजी हप्ता आणि हप्त्यांची संख्या विचारावी, दोहोंचा गुणाकार करावा, म्हणजे शब्दांचा घोळ उरत नाही.

राहिला अण्णांचा प्रश्न. बेरीज झाल्यावर अण्णांनी मामांना दुकानात बोलावून वही त्यांच्यापुढे ठेवली. महिन्याचे अठ्ठावीस हजार सहा हजारांवर येणार, हे लपवण्यासारखे नव्हते आणि लपवलेही नाही. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अण्णा, गाडी घेणार हे पाडव्यालाच कळलं होतं. तुम्ही बोलावून सांगितलंत, एवढं पुष्कळ आहे.” अण्णांनी दोन गोष्टी देऊ केल्या : अवजड खेपा दुसऱ्या कोणाला दिल्या जाणार नाहीत, आणि सांगलीहून दर आठवड्याला येणारा घाऊक माल, जो आजवर ट्रान्सपोर्टने येई, तो यापुढे मामा आणतील. त्यातून गेलेले सारे उत्पन्न भरून निघाले नाही. मामांनी उरलेल्या दिवसांसाठी एका विटांच्या व्यापाऱ्याचे काम धरले. ते काम अधिक कष्टाचे आहे. व्यापारात असे काही निर्णय असतात की ते बरोबर असूनही कोणाला तरी जड जातात. ते आधी सांगणे आणि जमेल तेवढे सांभाळणे, इतके पेढीच्या हाती असते.

तरीही गाडी पाहायला मामाच सोबत गेले. विक्रेता इंजिनाची ताकद सांगत होता. मामांनी गाडीत माल भरून मागितला आणि ती गावाबाहेरच्या चढावर नेली. पुतण्या म्हणाला, “मामा, चढली की!” मामा म्हणाले, “चढते सगळीच रे. भरलेली असताना उतारावर थांबते का, ते बघ.” पुढे फिटरला त्यांनी दोन दिवस शेजारी बसवून शिकवले, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : पाटे वाढवून घेतले तरी ब्रेक वाढत नाहीत. अनेक दुकानदार साडेसातशे किलोंच्या गाडीत दीड टन घालतात आणि ‘हत्तीच आहे तो’ म्हणून हसतात. जादा वजनाला कायद्याने २०,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा प्रत्येक टनामागे २,००० आणि माल तेथेच उतरवावा लागतो. पण दंड पावती फाडून मिटतो. उतारावर न थांबलेली गाडी ज्याच्या अंगावर जाते, त्याची भरपाई कोणत्याच खात्यातून होत नाही. या घरात आता एक नियम आहे. हौद्याच्या आतल्या बाजूला वहनक्षमतेचा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवला आहे, आणि तो ओलांडायचा झाला की फोन मामांना जातो.

दिवाळीनंतर हौद्याच्या एका बाजूला कुलूपबंद कप्पे बसवले. एल्बो, टी, कपलिंग, वॉशर, टेप, सॉल्व्हंट यांची यादी झाकणाच्या आतून चिकटवली आहे. शनिवारी संध्याकाळी मोजदाद होते आणि कमी पडलेले भरले जाते. गाडीतला माल हाही दुकानाचाच साठा, म्हणून त्याचे वेगळे पान आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत ‘राहिलेले आणायला’ झालेल्या खेपा ९७ वरून ३८ वर आल्या. दोन्ही बाजूंना पेढीचे नाव आहेच. पुतण्याने ते स्वतः उभे राहून रंगवून घेतले.

ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी विक्रेत्याच्या दालनात जाण्याआधी शंभर पानी वही आणावी आणि तीन महिने प्रत्येक खेप लिहावी : काय नेले, किती वजन, किती अंतर, कोणी नेले आणि का न्यावे लागले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. गाडी रोजच्या दिवसाच्या मापाने घ्यावी. मोठा दिवस भाड्याने घेता येतो, आणि त्या भाड्यावर कोणाचे तरी घर चालते. त्या पेढीतली वही अद्याप बंद झालेली नाही. हल्ली ती फिटरच लिहितो, आणि वर्षअखेर अवजड खेपांची बेरीज पाहण्यासाठी पुतण्या सर्वांआधी तिच्यापाशी येतो.